दोन्हीकडे हो

“घोड्याचं मांस? मी?” प्रमोदिनीने हातातला झारा ओट्यावर आपटला. “केकवाल्याला तीन-तीनदा विचारते अंडं नाही ना म्हणून, ती मी घोडं खाल्लं?”

“एकच तुकडा खाल्लास,” उपेंद्र म्हणाला. “चव बघू दे म्हणालीस. मीच नको म्हणत होतो.”

“आणि मग काय केलं? खिंकाळले का?”

तो हसला नाही. एरवी हसला असता. सव्वीस वर्षांच्या संसारात तिच्या तिरकस बोलण्यावर हसायची त्याला सवय होती. आज तो स्वयंपाकघराच्या दारात चौकटीला धरून उभा होता, आणि तिच्या बोलण्याकडे नाही, तर ते बोलणारा आवाज कसा येतो आहे, तिकडे त्याचं लक्ष होतं.

“विषय घोड्याचा नाही,” तो म्हणाला. “तुझा पासपोर्ट कुठे ठेवलायस, तेवढं सांग. टायपिंग सेंटरवाला फॉर्म भरायला थांबलाय. रेसिडेन्सी रिन्यू करायची आहे.”

“रेसिडेन्सी नोव्हेंबरपर्यंत आहे. मला वाचता येतं.”

शारजातल्या अल नहदामधल्या त्या सातव्या मजल्यावरच्या घरात शनिवारची दुपार अशी चालली होती. जेवणं होऊन तास झाला तरी ताटं तशीच पडली होती. बाहेर मे महिन्याचं ऊन समोरच्या इमारतीच्या काचांवर आपटून आत येत होतं, एसी घरघरत होता, आणि भांडण एका जागी गोल गोल फिरत होतं. कारण दोघांनाही जे म्हणायचं होतं ते दोघंही म्हणत नव्हते.

परदेशात नोकरीला राहिलेली माणसं जे शहाणपण शिकतात, ते ह्या दोघांनीही शिकून घेतलं होतं: घर तिकडे, पगार इकडे, आणि मधलं जग ईदच्या सुट्टीत बघून घ्यायचं. कोलंबो झालं, काठमांडू झालं, बँकॉक, ताश्कंद, हनोई झालं. उपेंद्रचा तेवढा एकच शौक. बाकी वर्षभर तो पहाटे उठून गाडीने रास अल खैमाला टाइल्सच्या कारखान्यात जाई आणि दिवसभर फरशा वाजवून बघे. डोळ्याला न दिसणारी चीर फरशीत असली की आवाज बद्द येतो. ती फरशी बाजूला काढायची, हे त्याचं काम. प्रवासात मात्र सगळा कारभार त्याच्या कमरेच्या तपकिरी पाऊचमध्ये असे. तिकिटं, हॉटेलचे कागद, दोघांचे पासपोर्ट. इथल्या सगळ्याच घरांत ही तऱ्हा. नवरा व्हिसाचा स्पॉन्सर, म्हणून बायकोचा पासपोर्ट नवऱ्याच्या पाऊचमध्ये. देशोदेशीच्या विमानतळांवरच्या रांगांत प्रमोदिनी त्याच्या पाठीकडे बघत उभी राहिली होती. कुठल्या देशाची इमिग्रेशनची खिडकी कशी होती हे तिला आठवत नसे; उपेंद्रच्या शर्टाची पाठ मात्र एकूण एक आठवे.

ह्या वर्षी ईद आणि पाडवा एकाच दिवशी आले. उपेंद्रने जानेवारीतच कझाकस्तानातल्या अल्माटीची तिकिटं काढून ठेवली होती, पैसे परत न मिळणारी. फेब्रुवारीत अजमानपासून अबुधाबीपर्यंतच्या मराठी घरांतून प्रमोदिनीकडे पुरणपोळी आणि श्रीखंडाच्या ऑर्डरी आल्या. तिने घेतल्या. सत्तर डबे. बाई काही बावळट नव्हती. दोन्ही तारखा तिला पाठ होत्या. पण नाही हा शब्द तिच्या जिभेला कधी वळलाच नव्हता. माहेरी इचलकरंजीला सात माणसांत वाढली, तेव्हापासून कोणी काही मागितलं की हो म्हणायचं आणि मग जीव काढून निभवायचं, ही तिची रीत. नवऱ्यालाही हो म्हणाली, गिऱ्हाइकांनाही हो म्हणाली. आणि अगदी शेवटच्या दिवशी, शनिवारी सकाळी, आयुष्यात पहिल्यांदा उपेंद्रला म्हणाली, “तुम्ही जा. मी नाही येत.”

तिला तरी असंच आठवत होतं. तो बॅग घेऊन गेला, तिने डाळ शिजत घातली. रविवारी बाल्कनीत गुढी उभारली. दोन दिवस पुरण वाटून तिचा उजवा खांदा भरून आला. मंगळवारी संध्याकाळी तो परत आला, तिने उरलेलं श्रीखंड वाढलं, त्याने दोनदा मागून घेतलं. इतकं सरळ होतं सगळं.

मग तीन आठवड्यांनी, जेवताना पापड मोडता मोडता उपेंद्र सहज म्हणाला, “त्या केबल कारमध्ये किती हसलीस ना तू.”

डोकं ठिकाणावर असलेल्या कुठल्याही बायकोच्या मनात जे यायचं तेच तिच्या मनात आलं. घेऊन गेला कोणाला तरी, आणि आता जीभ घसरली. तिने हात धुतले, त्याचा फोन उचलला आणि फोटो उघडले. कोणीही बाई बघायची तिने मनाची तयारी केली होती. एक सोडून.

बर्फाच्या डोंगरासमोर जांभळी लोकरी टोपी घालून प्रमोदिनी उभी होती. तोंड भरून हसत होती. वरचा पुढचा दात अर्धा तुटलेला. अकराव्या वर्षी हापशाचा दांडा लागून तुटला तो. त्या दातापायी प्रमोदिनीने त्रेचाळीस वर्षांत एकाही फोटोत तोंड उघडलं नव्हतं, स्वतःच्या लग्नातसुद्धा नाही. आणि ही बाई तो दात उन्हाला दाखवत हसत होती. भीती वाटायच्या आधी प्रमोदिनीला तिचा राग आला. दात माझा, आणि एवढा मोकळेपणा हिला कोणी दिला?

तिने साक्षीदार गोळा करायला घेतले. डबे पोचवणारा मल्याळी मोहिद्दीन म्हणाला, “चेची, मजाक करता क्या? आप ही दिया ना मेरे हाथ में, सत्तर डब्बा. लिफ्ट तक आप खुद आया.” तिचा जीव भांड्यात पडला. पण संध्याकाळी शेजारची बदरुन्निसा भेटली, दोघं प्रवासाला गेली की तिच्याकडे घराची किल्ली असते. ती म्हणाली, “भाभी, मैं तो चारों दिन आई, तुलसी को पानी डालने. घर एकदम ठंडा पड़ा था. सिंक सूखा, गॅस सूखा. आप ही तो किल्ली दे के गए थे, भूल गए?”

मग तिने अबुधाबीला लेकीला फोन लावला. केया तिथे बँकेत नोकरीला. ती म्हणाली, “मम्मा, यू सेंट मी अ सेल्फी. विथ द स्नो अँड ऑल.”

“आणि गुढी? गुढीचा व्हिडिओ कॉल मी केला होता की नाही तुला?”

पलीकडे केया फोन चाळत असावी. “हो, तोही आहे. स्क्रीनशॉट पण आहे. सेम डे. सेम टाइम ऑलमोस्ट.” मग ती हसली. “डोन्ट स्ट्रेस, मम्मा. टाइम झोनचं काहीतरी असेल.”

पोरीला इतक्यावर सुटता आलं. प्रमोदिनीला येईना. दुसऱ्या दिवशी उपेंद्र अंघोळीला गेल्यावर तिने पाऊच उघडला आणि दोन्ही पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. त्याच्या पानावर अल्माटीचे दोन शिक्के होते, पोचल्याचा आणि निघाल्याचा. तिच्या पानावर एकच. पोचल्याचा.

तिने पाऊच होता तसा बंद केला. आपला पासपोर्ट बेसनाच्या डब्यात, पिशवीखाली सरकवला. इथे बाईची ओळख म्हणजे ते एक निळं पुस्तक, आणि ते आता नवऱ्याच्या कमरेला ठेवायचं नाही, एवढंच तिला त्या क्षणी कळलं.

त्या दिवसापासून उपेंद्र बदलला, की आधीच बदलला होता आणि तिच्या लक्षात आता आलं, हे तिला सांगता येईना. ती गॅसपाशी उभी असली की तो दाराशी येऊन थांबे. भलत्याच वेळी विचारी, “टोपी कुठल्या दुकानातली गं?” किंवा, “खोलीतून काय दिसत होतं आपल्या?” ती आधी चिडून उत्तर देई, मग देईनाशी झाली, कारण तिच्या लक्षात आलं की त्याला उत्तर नकोच असतं. तो तिला वाजवून बघत होता. आणि आवाज कसा आला, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

“प्रमोदिनी, पासपोर्ट दे.”

“टायपिंग सेंटरला, होय?” तिने फ्रिजवरचा टॅब काढला आणि त्याच्यासमोर जेवणाच्या टेबलावर, उष्ट्या ताटांच्या मधोमध ठेवला. “दोघांचा मेल एकच आहे, एवढं तरी लक्षात ठेवायचं. बकरी ईदची तिकिटं. शारजा ते अल्माटी, प्रवासी एक. अल्माटी ते शारजा, प्रवासी दोन. दुसरं नाव माझं.”

उपेंद्रने टॅबकडे बघितलंसुद्धा नाही. तो खुर्ची ओढून बसला. इतका हळू बसला की म्हातारा वाटला.

“पाऊच माझ्याकडे होता,” तो म्हणाला. “दोघांचे पासपोर्ट. परत निघताना रांगेत तू मागे होतीस. माझा शिक्का झाला, मी पुढे गेलो. मागे वळून बघितलं नाही. कधी बघतो का मी? तू येतेसच.”

“मग?”

“विमानात झोपलो. घरी आलो, तर तू होतीस. श्रीखंड वाढलंस. मला वाटलं, आलीस.” त्याने पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. “नंतर तू एकेक नाही म्हणायला लागलीस. गेले नव्हते, खाल्लं नव्हतं, हसले नव्हते. मग मी शिक्के बघितले. ती तिथे आहे, प्रमोदिनी. इमिग्रेशनच्या खिडकीच्या त्या बाजूला. पासपोर्टशिवाय तिला कोण सोडणार?”

त्याच्या आवाजात वेड नव्हतं. वेड असतं तर तिला बरं वाटलं असतं, डॉक्टर गाठता आला असता. बायकोला बाजारात विसरून आलेल्या नवऱ्याच्या आवाजात असते तशी साधी, शरमेची काळजी होती ती. आणि त्या काळजीच्या खाली आणखी काही होतं, जे ह्या आवाजात प्रमोदिनीने सव्वीस वर्षांत ऐकलं नव्हतं. ओढ. मोकळं हसणाऱ्या त्या बाईची.

तेवढ्यात तिला काहीतरी आठवलं. ओल्या लोकरीचा वास, पायाखालची गार फरशी, आणि लोकांच्या डोक्यांमधून दूर जाणारी निळ्या चौकटीच्या शर्टाची पाठ. तिने हाक मारली होती का? मग तिने स्वतःला सावरलं. रांगा काय कमी केल्या होत्या आयुष्यात? कुठल्याही रांगेतली असेल ती पाठ. ती खुर्चीला धरून उभी राहिली.

“महिना उलटून गेला की,” ती म्हणाली. “काय खात असेल ती तिथे?”

“मला काय माहीत.” त्याने मान खाली घातली. “तेच डोक्यात येतं रोज.”

“आणि मी?”

खाली रस्त्यावर दुबईकडून येणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती, कोणीतरी एकसारखा हॉर्न वाजवत होता.

“पासपोर्ट एकच आहे,” तो शेवटी म्हणाला. “मी काय करू, तू सांग.”

तिला ओरडता आलं असतं. केयाला बोलावता आलं असतं, बदरुन्निसाचं दार वाजवता आलं असतं, ते निळं पुस्तक गॅसवर धरता आलं असतं. तिने ताटं उचलली, एकात एक ठेवली, सिंकमध्ये नेऊन ठेवली. मग बेसनाचा डबा काढला, पिशवीखालून पासपोर्ट ओढून घेतला, पदराने त्याच्यावरचं पीठ पुसलं. कडेच्या शिवणीत अडकलेलंसुद्धा नखाने काढलं. आणि तो त्याच्यासमोर टेबलावर ठेवला, अगदी सरळ, जेवायला वाढताना पान मांडावं तसा.

उपेंद्रने हात पुढे केला आणि मधेच थांबवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याने तिच्या डोळ्यांत बघितलं.

ती हसली. तोंड उघडून, पुरती. मग म्हणाली, “जा, घेऊन या तिला, बेल वाजली की दार मी उघडीन.”