म्हातारी मंत्र कधी देते

साखराबाईंना विंचवाचा मंत्र येत होता आणि पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाला येत नव्हता, एवढ्यावर त्यांची मान चाळीस वर्षं ताठ राहिली. मुदखेडजवळच्या गावात ठणकणारे पाय घेऊन माणसं त्यांच्या दारात यायची. आता विंचू चावला की लोक इंजेक्शनला पळतात, आणि साखराबाई तीन वर्षांपासून लातुरात, लेकाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बसून टँकरची वाट बघतात.

सून तनुजा घरी बसूनच कंप्युटरवर गेम बनवायची. एक जादूगार भुयारात उतरतो. मेला की संपलं. पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात, आणि भुयारही दर वेळी नवं. साखराबाईंना यात काही नवल वाटलं नाही. बाईचा संसार याहून वेगळा कुठं असतो, म्हणाल्या.

तनुजाचं घोडं अडलं होतं मंत्रांपाशी. तिच्या जादूगाराला पोथी सापडली की तो वाचायचा आणि मंत्र शिकायचा. खेळणारे दहा मिनिटांत सगळे मंत्र गोळा करून कंटाळायचे.

"पोथी वाचून मंत्र आला असता," साखराबाई म्हणाल्या, "तर आमच्या गावचा पोस्टमन लई मोठा देवरुषी झाला असता."

तनुजा हसली नाही. वही ओढून तिनं विचारलं, मग येतो कसा? पोटच्या लेकानं हे कधी विचारलं नव्हतं. साखराबाई सांगत गेल्या. मंत्र एका तोंडातून एकाच कानात जातो, तोही ग्रहण लागलेलं असताना, पाण्यात उभं राहून. दर ग्रहणाला पाण्यात उभं राहून तो म्हणायचा, नाहीतर मरतो. आणि एकदा दिला की देणाऱ्याकडं उरत नाही. त्यांची सासू चांगुणा हिनं गोदावरीत त्यांना मंत्र दिला, आणि काठावर येईपर्यंत तिला त्यातला पहिला शब्दही आठवेना. पुढं ती कोपऱ्यात बसून सुनेकडं येणारी माणसं बघत राहिली. तिला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

हे शेवटचं सांगताना साखराबाईंचा आवाज उतरला.

तनुजानं सगळे नियम जसेच्या तसे गेममध्ये घातले. भुयाराच्या तोंडाशी एक म्हातारी बसवली, तिच्याजवळ एकच मंत्र. खेळून बघणाऱ्या मैत्रिणी चिडल्या, शिव्या घातल्या, आणि खेळत राहिल्या. एकच गोष्ट ठरायची होती.

"आत्याबाई, ही म्हातारी मंत्र कधी देते?"

"तिच्या मनाला यील तवा."

"कंप्युटरला मन कळत नाही. किती सेवा केल्यावर? की वय झाल्यावर? काहीतरी पक्कं सांगा."

साखराबाईंकडं पक्कं काही नव्हतं. गावात चार जण मागायला आले होते. एकाची जीभ जड म्हणून, एकाची बायको चोंबडी म्हणून, काही ना काही खोट काढून चौघांनाही त्यांनी वाटेला लावलं होतं. खरं कारण कोपऱ्यात बसलेली चांगुणा होती. पण ही पोर नुसतं मागत नव्हती, लिहून घेत होती. पुढचं ग्रहण चंद्र उगवतानाच लागलेलं असणार होतं. त्या दिवशी द्यायचा, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

ग्रहणाच्या दिवशी दिवेलागणीला त्यांनी बाथरूममध्ये टब भरला आणि आत उभ्या राहिल्या. सुनेला हाक मारायच्या आधी एकदा स्वतः म्हणून बघावा म्हणून दार लावून घेतलं.

पहिली ओळ आली. दुसरी आली. तिसरीच्या जागी काही नव्हतं.

चूळ भरून पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. गावी असताना एक ग्रहण चुकवलं नव्हतं. लातुरात नदी कुठली, टँकरच्या पाण्यात काय उभं राहायचं, आणि सुनेनं बघितलं तर हसेल, म्हणून तीन वर्षं टाळलं होतं. काय होतं टाळल्यावर, ते त्यांच्याच तोंडचं सुनेच्या वहीत लिहिलेलं होतं.

"आत्याबाई, बऱ्या आहात ना?" बाहेरून तनुजा म्हणाली.

साखराबाईंनी पाय पुसले, पदर खोचला आणि दार उघडलं.

"लिव. म्हातारी मंत्र देत न्हाई. कुणालाच न्हाई. कितीबी सेवा करू दे."

"मग तो तिच्याबरोबरच जातो?"

"हाव."

तनुजा हरखली. असा कडक नियम तिला सुचलाच नसता, म्हणत ती लगबगीनं कंप्युटरकडं गेली.

साखराबाई मागं वळल्या. टबात पाणी तसंच होतं. ओतून देण्याइतकं पाणी त्या घरात कधीच नसायचं. त्यांनी त्यात फडकं बुडवलं, पिळलं, आणि फरशी पुसायला बसल्या.