एकाच कुशीवर

आमचे कण महाआळशी होते. प्रथिनाचा थेंब बारीक जाळीवर ठेवायचा, टिपकागदाने टिपून पातळ करायचा आणि क्षणात अतिथंड द्रवात बुडवून गोठवायचा, एवढंच काम. पण थेंब पातळ झाला की कण वर जाऊन पृष्ठभागाला चिकटायचे आणि सगळे एकाच कुशीवर पडायचे. चहूबाजूंनी पाहिल्याशिवाय सूक्ष्मदर्शकाला आकार कळत नाही. दोन वर्षं त्यांनी आम्हाला नुसती पाठ दाखवली.

घरी बाबाही अंथरुणाला खिळलेले. दर दोन तासांनी मी किंवा आई त्यांची कूस बदलायचो.

"तुझी मंडळी वळली का गं?" ते विचारायचे.

"कुठली वळतायत!"

"मग त्यांनाही एक लेक बघून दे."

महिनाअखेरीस प्रकल्प बंद होणार होता आणि प्रथिन एका जाळीपुरतं उरलं होतं. गोठवायच्या अगदी आधी मी त्यात साबणासारख्या एका रसायनाचा अंश घातला. सकाळी लहान सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर कण कुणी आडवे, कुणी उभे, कुणी चक्क डोक्यावर! मी रडलेच.

नेमका आकार मोठ्या सूक्ष्मदर्शकातच दिसणार होता; आता जाळी फक्त त्या यंत्राच्या पट्टीत बसवायची होती. हे काम द्रवरूप नायट्रोजनमध्ये, तोंडाला मास्क लावून आणि श्वास रोखून करायचं. श्वासातला ओलावा पडला की त्याचं दव होऊन जाळीवर गोठतं. ही गोष्ट नवख्यांना मीच शिकवते. पण डोळे पुसताना मास्क हनुवटीवर ओढला होता, तो तसाच राहिला. चिमट्याने जाळी उचलली आणि मला बाबांचं ते लेक बघून द्यायचं वाक्य आठवलं. मी फस्सकन हसले.

पांढरी वाफ थेट जाळीवर उतरली. यंत्र सांभाळणाऱ्या काकांनी तरीही ती यंत्रात चढवली.

पडद्यावर दवाशिवाय काही नव्हतं. आम्ही सहा तास जाळीचा कोपरा न् कोपरा धुंडाळला.

"दुसरी जाळी?" काकांनी विचारलं.

"नाही." स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

संध्याकाळी घरी गेले, तर बाबा वाटच बघत होते.

"वळली का गं?"

"वळली, बाबा. सगळी वळली."

त्यांचा चेहरा फुलला. "मग? दिसतात कशी?"

"आधी तुम्ही वळा," मी म्हटलं. खांद्याखाली हात घालून मी त्यांचं तोंड भिंतीकडे केलं.