मुलुंडची मुकी गाडी

माझ्या हॉलमध्ये टेबलावरच्या प्लायवूडच्या फळीवर रेल्वे धावते. हाताएवढं इंजिन, मागे सहा डबे, दोन बोगदे आणि कणकवली स्टेशन. खालच्या फ्लॅटमधला राजेश, आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी, तिला खेळणं म्हणतो. खेळणं म्हणतो आणि तिच्यासाठी अख्खी कमिटी बोलावतो. गाडी सुटली की म्हणे त्याच्या डोक्यावर पत्रा वाजतो. शेवटी कमिटीने ठरवलं, रविवारी सगळ्यांनी राजेशकडे बसून ऐकायचं. आवाज आला तर टेबल उचलायचं, तेही मीच.

उचलतंय कोण.

भजनी मंडळात मी जन्मभर पखवाज वाजवला. पखवाजाच्या डाव्या अंगाला ओली कणीक थापतात, तशी मी फळीला खालून थापली. टणटण गेली, हे खरं. पण कणकेने पखवाज गप्प बसत नाही, घुमतो, हे उत्साहाच्या भरात विसरलो. गाडी सुटली आणि खाली राजेशची ताटं मांडणीवर ठेक्यात नाचायला लागली. तळमजल्यावरच्या वसुधावहिनी टाळ घेऊन जिन्यात आल्या, भजन कुणाकडे आहे विचारत. खोटं वाटत असेल तर त्यांना विचारा, अजून माझ्याकडे प्रसाद मागतात.

सुगंधा, माझी बायको, म्हणाली, "अहो, काढून टाका ती गाडी. म्हातारपणी कशाला भांडणं?"

"मग कधी भांडू? तरुणपणी वेळ कुठे होता?"

डोकं ताळ्यावर आलं तेव्हा आठवलं, पखवाज मुका करायचा तर त्याच्या चामडं ताणून धरणाऱ्या वाद्या सैल करतात. माझे रूळ स्क्रूने फळीला आवळलेले होते. चाकांची खडखड त्या स्क्रूंमधून फळीत उतरायची आणि फळी ती गावभर करायची. सगळे स्क्रू काढले, कणीक खरवडली. सुगंधाची योगाची चटई कापून रुळांखाली चिकटवली. तिने अबोला धरला, तेवढीच घरात आणखी शांतता. टेबलाच्या पायांखाली हवाई चपलांचे तुकडे सारले. गाडी इतकी मऊ धावायला लागली की रुळावर झोपलेल्या मांजराला इंजिनाने ढकलत कणकवलीला पोचवलं, तरी ते जागं झालं नाही.

रविवारी कमिटी खाली जमली. मी गाडी सोडली. बराच वेळ गेला, मग राजेशचा फोन.

"काका, सुरू करा ना. लोक खोळंबलेत."

म्हटलं, केव्हाची धावतेय.

"कुणाला बनवताय? वर काहीच चालू नाहीये."

"हे कमिटीसमोर बोललास ना रे? सगळ्यांनी ऐकलं? मग झालं तर. या धाकूकाकाकडे गाडी चालत नाही. जी चालतच नाही तिचा त्रास कसला, आणि ती उचलायची कशी?"

खाली कुणीतरी फिस्सकन हसलं. राजेशने फोन ठेवला.

परवा मी नवीन फळ्या घेऊन वर येत होतो, तर लिफ्टमध्ये नेमका तोच. फळ्यांकडे बघत त्याने विचारलं, "हे आणि कशाला?"

"बेडरूमपर्यंत लाईन टाकतोय," मी म्हटलं. "नसलेल्या गाडीला जागा कमी पडतेय."