जाकिटाचं टोक

थोरलीला बसवून ठेवणं ही धाकटीची नोकरी होती. नेमणूकपत्रात असं लिहिलेलं नव्हतं. तिथं 'सहायक प्रशिक्षक, महिला बास्केटबॉल संघ' असं भारदस्त काहीतरी होतं. पण नऊ वर्षं प्रत्येक सामन्यात तिनं केलं ते हेच. बाकावर थोरलीच्या उजव्या हाताला बसायचं, आणि ती पंचांच्या अंगावर धावून जायला निघाली की मागून जाकिटाचं टोक पकडून खाली ओढायचं. या ओढाताणीत तीन जाकिटांच्या शिवणी उसवल्या होत्या. थोरली दर वेळी स्वतःच त्या शिवायची आणि शिवताना पंचांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

थोरली आणि धाकटी ही नावं संघातल्या मुलींनी ठेवलेली, एका घरातल्या जावा असाव्यात तशी. समोर अर्थात दोघीही 'मॅडम'. थोरली मुख्य प्रशिक्षक, वय छप्पन्न, आवाज असा की ती हॉलमध्ये ओरडली तर बाहेर सायकली लावणारी माणसं दचकून मागे बघत. धाकटी अडतीस वर्षांची, मऊ बोलणारी, सगळ्यांचं ऐकून घेणारी. खेळाचा नियमच असा की या दोघींपैकी एका वेळी एकीनंच उभं राहायचं. आणि थोरली बसतेय कधी? त्यामुळे नऊ वर्षांत धाकटीनं एकही सामना उभ्यानं पाहिला नव्हता. त्याचं तिला काही वाटत नसे. निदान आदल्या दिवसापर्यंत वाटत नव्हतं.

आदल्या दिवशी प्राचार्यांनी तिला बोलावून घेतलं. मागच्या वर्षी एका सामन्यात पंचांनी थोरलीला हॉलबाहेर काढलं होतं आणि कॉलेजची चांगलीच शोभा झाली होती. पुन्हा तसं झालं तर करार वाढवला जाणार नाही, असं प्राचार्यांनी थोरलीला लेखी दिलं होतं. ते सगळ्यांनाच माहीत होतं. नवीन होतं ते पुढचं. खुर्चीत मागे रेलून ते धाकटीला म्हणाले, "उद्या काही घडलंच, तर तुम्ही तयार असा. संघ तुमच्याकडेच यायचा."

धाकटीनं होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. नुसती उठून आली. तेव्हापासून तिच्या जिवाला चैन नव्हतं. घरी तिनं एकच पातेलं दोनदा घासलं. नवऱ्यानं विचारलं, काय झालंय, तर म्हणाली, फायनल आहे ना उद्या. थोरलीला सांगावं, तर ऐन सामन्याच्या तोंडावर तिचं डोकं फिरणार. न सांगावं, तर आपणच कुणाचं काही उचलून आणल्यासारखं वाटत होतं. सकाळी बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. थोरलीनं सवयीनं आपला डबा उघडून निम्मा तिच्यापुढे सरकवला. तेव्हाही शब्द अगदी ओठांवर आले होते. धाकटीनं ते घासाबरोबर गिळले.

सामना दुपारी दोनचा. हॉलवर पत्र्याचं छप्पर, आत नुसती काहिली. दुसऱ्याच मिनिटाला थोरलीच्या येरझाऱ्या सुरू झाल्या. धाकटीचा हात जाकिटाच्या टोकाशी गेला, आणि आज पहिल्यांदाच तिला आपल्या हाताचा भरवसा वाटेना. सोडलं तर? किंवा सोडायचं नाही, फक्त पकडायला जरासा उशीर करायचा. कुणाला कळणार आहे? हा विचार मनात आला आणि तिला स्वतःचीच शिसारी आली. त्या भरात तिनं टोक इतकं घट्ट आवळलं की थोरली मागे वळून म्हणाली, "अगं, श्वास तरी घेऊ दे."

तरीही मध्यांतराआधी व्हायचं ते झालंच. धाकटी पाण्याची बाटली उचलायला वाकली, तेवढ्यात थोरली निसटली. तिनं पंचाला नियमाच्या पुस्तकाचं पान सांगितलं, ओळ सांगितली, आणि ते पुस्तक कुठं ठेवावं तेही सांगितलं. पंचानं एक तळवा दुसऱ्या हाताच्या बोटांवर आडवा धरला. टेक्निकल, म्हणजे गैरवर्तनाचा फाउल.

स्वतःच्या तोंडामुळे दोन टेक्निकल मिळाले की प्रशिक्षक बाहेर. पण याहून जाचक नियम दुसरा आहे. बाकावरच्या कुणीही आगाऊपणा केला, तरी तो मुख्य प्रशिक्षकाच्याच नावावर लिहिला जातो, आणि सगळे मिळून तीन झाले की तिनंच चालू लागायचं. दुसरा आणला मलमबाईनं. मलमबाई म्हणजे संघाची फिजिओ. एका मुलीच्या घोट्यावर थंड फवारा मारता मारता तिनं पंचाला आदबीनं विचारलं, "तुमच्या डोळ्यांवर मारू का थोडा?" मुली हसल्या. पंच हसला नाही.

आता एकच उरला होता. धाकटीनं सगळ्या बाकाला तंबी दिली, की कुणी ब्र काढायचा नाही. मलमबाईला तिनं अगदी शेवटच्या खुर्चीवर पाठवलं. थोरलीलाही विनवलं की शेवटची पाच मिनिटं फक्त बसा. आणि नवल म्हणजे थोरली बसली. गुडघे हलत होते, नखं खाणं चाललं होतं, पण बसली. धाकटीला एकदम हलकं वाटलं. नाही होणार काही. सामना संपला की बसमध्ये हिला सगळं सांगून टाकू.

चाळीस सेकंद उरले होते आणि आपली तीन गुणांची आघाडी होती. समोरच्या संघाची उंच मुलगी टोपलीकडे झेपावली. तिच्या वाटेत आपली चिमणी उभी होती. चिमणी संघातली सगळ्यात बुटकी, सगळ्यात चिवट. वाटेत पाय रोवून कसं उभं राहायचं, छातीवर धक्का कसा घ्यायचा, हे धाकटीनं तिला रोज सकाळी सहा वाजता, तीन वर्षं शिकवलं होतं. चिमणीनं ते शिकवल्याबरहुकूम केलं. धक्का घेतला, आडवी झाली, डोकं लाकडी जमिनीवर आपटलं. शिट्टी वाजली. फाउल धडकणारीचा असायला हवा होता, पण पंचानं बोट दाखवलं ते चिमणीकडे. तिचा पाचवा फाउल. चिमणी बाहेर.

धाकटी केव्हा उठली ते तिला आठवत नाही. हाताचा तळवा लेखनिकाच्या टेबलावर आपटला तेव्हा भानावर आली. कागद उडाले होते, घड्याळ आडवं झालं होतं आणि तिचाच आवाज छपराला लागून परत येत होता. "पोरगी उभी होती! दोन्ही पाय जमिनीवर होते तिचे!"

पंचानं पुन्हा तळवा आडवा धरला. मग त्यानं थोरलीकडे बघून दाराच्या दिशेनं हात केला.

आता हॉल डोक्यावर घेतला जाणार, या अपेक्षेनं सगळे थोरलीकडे बघू लागले. थोरली शांतपणे उठली. डावपेच काढायची फळी तिनं धाकटीच्या हातात दिली आणि म्हणाली, "चाळीस सेकंद आहेत. उभी राहा." आणि ती ताठ मानेनं चालत दाराबाहेर गेली.

धाकटी उभी राहिली. उभ्यानं मैदान वेगळंच दिसतं, दहाच्या दहा मुली एकदम दिसतात, हे तिला त्या दिवशी कळलं. चिमणीच्या फाउलच्या दोन आणि धाकटीच्या टेक्निकलची एक, समोरच्यांच्या तिन्ही फेका आत पडल्या. बरोबरी झाली. टाइमआउटमध्ये तिनं फळीवर डाव काढून दाखवला, मुलींनी नेमकं तेच केलं, पण चेंडू टोपलीच्या कड्यावरून फिरून बाहेर पडला. शेवटची शिट्टी वाजायला दोन सेकंद असताना समोरच्यांना दोन फेका मिळाल्या, त्यातली एक आत गेली. एका गुणानं गेला सामना.

मुली रडत होत्या. धाकटी त्यांच्याकडे न जाता आधी लेखनिकाकडे गेली. तिसरा टेक्निकल माझ्या नावावर लिहा, म्हणाली. लेखनिक भला माणूस होता. त्यानं सामन्याचा कागद तिच्यापुढे फिरवून दाखवला. मुख्य प्रशिक्षकाच्या नावापुढे तीन चौकोन होते, तिन्ही भरलेले. सहायकाचं नाव त्याखाली होतं, आणि त्याच्यापुढे चौकोन नव्हताच.

थोरली कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसली होती. धाकटी शेजारी बसली. खोलीत नळ ठिबकत होता.

"एका गुणानं?" थोरलीनं विचारलं.

"माझ्या टेक्निकलच्याच," धाकटी म्हणाली. मग तिनं सगळं सांगून टाकलं. प्राचार्यांची खुर्ची, त्यांचं वाक्य, बस, डबा, काहीही लपवलं नाही.

थोरलीनं ऐकून घेतलं. "मग तू काय म्हणालीस त्यांना?"

"काहीच नाही."

"काहीच नाही म्हणजे हो." ती हे रागानं म्हणाली नाही, म्हणून धाकटीला जास्त लागलं.

"मी पोरीसाठी उठले की खुर्चीसाठी, माझं मलाच कळत नाही," धाकटी म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

थोरलीनं आपला रुमाल तिच्यापुढे सरकवला. "मी पाहिलं तुला उठताना," ती म्हणाली. "तुझं जाकीट माझ्या हाताशी होतं. धरलं नाही मी."

"का?"

"पोरगी उभी होती. आणि दुसरं कुणीतरी ओरडतंय, हे मला एकदा बसून बघायचं होतं."

धाकटीच्या खिशातला फोन थरथरला. प्राचार्य. थोरलीनं मानेनंच खुणावलं, घे.

प्राचार्यांना निकाल कळला होता, बाकीचंही कळलं होतं. झालं ते वाईट झालं, पण तुम्ही सोमवारी येऊन भेटा, असं ते म्हणत होते. धाकटीनं त्यांना पुरं बोलू दिलं नाही. तिनं सांगितलं की तिसरा टेक्निकल तिचा होता, कागदावर तिच्यासाठी जागा नाही म्हणून तो थोरलीच्या नावावर गेला. आणि ती थोरलीच्या शेजारी बसेल, थोरलीच्या जागी बसणार नाही. कालच सांगायला हवं होतं, आज सांगतेय.

पलीकडून प्राचार्य म्हणाले, आपल्यासमोर जो कागद येतो तोच आपण मानतो.

"मग तो कागद चुकीचा आहे, सर," धाकटी म्हणाली. आवाज चढला होता. बोलता बोलता ती उठायला लागली. "तुम्ही होता का तिथं? तुम्ही पाहिलंत का? तुम्हाला काय वाटतं, नऊ वर्षं मी तिथं..."

मागून कुणीतरी तिच्या जाकिटाचं टोक पकडलं आणि तिला खाली ओढलं. शिवण उसवल्याचा आवाज झाला.

"बस," थोरली हळूच म्हणाली. "आणखी एक मिळाला तर तूही बाहेर जाशील."