फोटोपुरतं जॅकेट

मित्रांनो, मला पाहून कुणालाही वाटेल, ही एखाद्या जुन्या गादीची फाटकी खोळ असावी. तसं नाही. मी पाण्यात माणसाला तरंगत ठेवणारं जॅकेट आहे. एके काळी मी अबोलीच्या वेणीसारखा केशरी होतो. ऊन आणि खारं वारं खाऊन आता रंग विटला आहे. रत्नागिरीच्या बंदरावर सागरी पोलिसांची एक लहानशी चौकी आहे. तिथल्या खुंटीला मी टांगलेला असतो. खुंटीला, हे नीट ध्यानात ठेवा. माझी सगळी तक्रार त्या खुंटीबद्दलच आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. पोटात हलका फोम भरला, वरून जाड कापड शिवलं, आणि कमरेला एक रुंद काळा पट्टा लावला. शिवणाऱ्या बाईने तो पट्टा दोन्ही हातांनी ताणून पाहिला आणि शेजारणीला म्हणाली, "हा काय तुटायचा नाय. घालणाऱ्याने लावला म्हणजे झालं." मी नवाकोरा होतो. घालणारा पट्टा लावणार नाही, असंही कधी होऊ शकतं हे मला ठाऊक नव्हतं.

चौकीत मी हवालदार भागोजी यांच्या वाट्याला आलो. भागोजी जातीचे खारवी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर जगणाऱ्या घरातले. त्यांची बायको मालन बाजारात मासे विकते. चालता येण्याआधी पोहता येत होतं, असं ते स्वतःबद्दल सांगत, आणि खोटं नसावं ते. पोलिसांची गस्तीची बोट जेटीपासून सुटली की ते पुढच्या टोकाला उभे राहून गुणगुणत:

दर्या माझा बापूस गो, कडेवर घेतो मला,
बापाच्या घरी जाता चिलखत कशाला?

ते चिलखत म्हणजे मी.

वरून साहेबांचा हुकूम होता की प्रत्येक फेरीला सगळ्यांनी जॅकेट घालावं आणि घातल्याचा फोटो मोबाइलवरच्या चौकीच्या ग्रुपवर टाकावा. हुकूम पाळला जाई. जेटीवर सगळे ओळीत उभे राहत, मला गळ्यात अडकवत, पोट आत ओढत. फोटो निघे, ग्रुपवर अंगठे उमटत. आणि बोट बंदराच्या भिंतीबाहेर गेली की मी उतरलो. उतरलो म्हणजे काय, फळीवर पडलो, आणि माझ्यावर हवालदारसाहेब बसले. मऊ लागतो ना मी.

तांडेल लवू, म्हणजे बोट हाकणारा माणूस, एकदा म्हणाला, "भागोजीदा, साहेब बगतील तर?"

"साहेबांनी फोटो मागितलान, दिला. अंगावर ठेव असं फोटोत लिवलंय काय खंय?"

चौकीत माझे शेजारी होते, त्यांचीही कथा अशीच. शिरस्त्राण, म्हणजे दंगलीत घालायचं हेल्मेट, त्यात चौकीचा लसूण ठेवलेला. वेताची ढाल पाण्याच्या माठावर झाकण. संध्याकाळी आम्ही तिघे एकमेकांकडे बघत असू. गणपतीच्या गर्दीत, बंदरावरच्या भांडणात, वादळात चौकीतली हीच माणसं सगळ्यांच्या पुढे जातात. दगड आला तर त्यांच्यावर पहिला येतो. लोक म्हणतात, पोलीस आहेत ना, ते बघतील. बघतात बिचारे. स्वतःकडे तेवढं बघत नाहीत.

त्यांची बाजूही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. वैशाखात आमच्या आत माणूस उकडून निघतो. घाम मानेवरून उतरतो तो थेट बुटात. हात नीट वर होत नाहीत. ड्युटी संपता संपत नाही. हे सगळं खरं. पण भागोजींचं कारण घाम नव्हतं. त्यांना लाज वाटे. शेजारून ओळखीची होडी गेली आणि कुणी हाक मारली, "काय भागोजीदा, पाण्याक भ्यायला लागलंस?" तर ते मला घाईने पाठीमागे सारत. खारव्याच्या पोराने दर्यावर तरंगायला दुसऱ्याची मदत घ्यावी, हे त्यांना वडिलांच्या नावाला बट्टा लावल्यासारखं वाटे.

एक दिवस बोटीत पाण्याचा कॅन हेलकाव्याने लवंडू लागला. भागोजींनी इकडेतिकडे पाहिलं, आणि माझ्या कमरेचा काळा पट्टा सोडवून काढला. त्याने कॅन फळीला घट्ट बांधला. "बग, कामाला आला," म्हणाले. कारखान्यातल्या त्या बाईचे दोन हात मला आठवले. मी काय बोलणार? जॅकेटाला वाचा असती तर मी तेव्हाच ओरडलो असतो.

त्याच सुमाराला चौकीत मनस्वी नावाची शिपाई आली. लांज्याकडच्या शेतकऱ्याची मुलगी. भाताची लावणी डोळे मिटून करील, पण दर्यात पाय घातलेला नव्हता. तिला पोहता येत नव्हतं आणि ते ती लपवीत नसे. जेटीवर घातलेलं जॅकेट ती परत जेटीवर येऊनच काढी. सगळे पट्टे ओढून, बकल वाजवून.

"काय गो मनस्वी," भागोजी चिडवत, "जेवताना पण घालतंस काय?"

"आमटी पातळ असली तर घालते, दादा."

लवू इतका हसला की सुकाणू हातातून निसटायचं तेवढं राहिलं. भागोजीही हसले. पण माझ्यावरून उठले नाहीत.

मग तो दिवस आला. दुपारची वेळ, वारा भरलेला. छोट्या होड्यांचे लोक चौकीत तक्रार घेऊन आले की लांबचा एक मोठा ट्रॉलर बंदी असलेल्या पाण्यात, किनाऱ्याला लागून जाळं ओढतोय, आमची जाळी फाडून नेलीन. बोट निघाली. फोटो निघाला. भिंत मागे पडली. मी फळीवर.

ट्रॉलर दिसला तशी आमची बोट त्याच्या कुशीला गेली. भागोजी पुढच्या टोकाला उभे राहिले, एक हात वर करून त्यांनी इंजिन बंद करायला सांगितलं. वरच्या माणसांनी ऐकलं नाही. आमची बोट टेकू नये म्हणून कुणीतरी वरून लांब बांबू खाली रोखला. त्याच वेळी लाट आली, बोट उचलली गेली, आणि बांबूचं टोक भागोजींच्या कानशिलावर बसलं. मारायचं म्हणून मारलं की लाटेने लागलं, ते नंतर कोर्टात ठरेल. भागोजी आवाज न करता पाण्यात गेले.

लवू म्हणाला, "भागोजीदा हाय तो, येतलो वर." पोहणाऱ्या माणसाबद्दल सगळ्यांना असंच वाटतं. ते वर आले, पण तोंड खाली करून आले. मित्रांनो, शुद्ध हरपली की माणूस खारवी राहत नाही, हवालदार राहत नाही. पोहणं हातापायांत असतं, आणि हातपाय तेव्हा कुणाचेच नसतात.

मी तिथे होतो. हातभर अंतरावर. भागोजींच्या अंगाची ऊब अजून माझ्या कापडात होती.

लवूला सुकाणू सोडता येईना, सोडलं तर बोट ट्रॉलरवर आदळली असती. मनस्वीने बोटीचा दोर स्वतःच्या जॅकेटाला बांधला, गाठ ओढून पाहिली, आणि पोहता न येणारी ती मुलगी दर्यात उतरली. जॅकेटाने तिला बुचासारखं वर धरलं. हातपाय मारत, पाणी गिळत ती पोचली, आणि तिने भागोजींची मान उलटी करून तोंड आभाळाकडे केलं.

"माझ्याच्याने दोघं झेपत नाहीत, लवूदा. त्यांचं जॅकेट टाका."

लवूने मला फेकलं. आयुष्यात पहिल्यांदा मी पाण्याला लागलो. ज्या कामासाठी जन्मलो ते काम समोर होतं. मनस्वीने मला त्यांच्या छातीवर चढवलं आणि पट्टा शोधला. पट्टा नव्हता. पट्टा बोटीत पाण्याच्या कॅनला सांभाळत होता. एक लाट आली, मी निसटलो. तिने परत चढवलं. दुसरी लाट आली, परत निसटलो. मला हात नाहीत, मी त्यांना धरून कसा ठेवणार? शेवटी तिने मला मानेखाली कोंबलं आणि स्वतःच्या दोन्ही हातांचा पट्टा केला. लवू दोर ओढेपर्यंत तिने तो सोडला नाही.

ट्रॉलर पळाला नाही. छोट्या होड्यांनी त्याला चहूबाजूंनी वेढलं होतं.

भागोजी वाचले. पण डाव्या कानाने ऐकू येईनासं झालं, आणि अंगाचा तोल गेला. सपाट जमिनीवरसुद्धा ते भिंतीला धरून चालतात. बोटीत पाऊल टाकलं की डोकं गरगरतं. डॉक्टरांनी दर्या कायमचा बंद केला. बापाचं घर बंद झालं, असं ते एकदाच म्हणाले.

पट्टा आणि मी, दोघांना मनस्वी त्यांच्या घरी घेऊन गेली. मालनने जाड सुई घेतली आणि ओटीवर शिवायला बसली. भागोजी शेजारी बसले होते.

"माश्यांच्या टोपलीवर मी ओलं फडकं घालते," ती सुईकडे बघतच म्हणाली. "मेलेले असतात ते, तरी घालते. आणि तुमी जित्या जिवावर काय घातलंत? ऐट."

भागोजींनी दोऱ्याचं रीळ तिच्याकडे सरकवलं.

"अजून गुणगुणता काय ते बापाचं?"

मग टाका ओढता ओढता मालननेच म्हटलं, अगदी हळू, त्यांच्या ऐकू येणाऱ्या कानाशी:

दर्या तुमचा बापूस हो, झोपेत वळतो कुशीला,
पोर अंगाखाली आलं, कळावं कसं त्याला?

शिवण पक्की आहे. लवूने मला दगड बांधून जेटीखाली सोडून पाहिलं, मी तरंगलो. पुन्हा खुंटीवर गेलो. हेल्मेटातला लसूण आता काढला आहे. ढाल मात्र अजून माठावरच आहे.

भागोजी हल्ली बोट सुटण्याआधी जेटीवर येतात. भिंतीला धरत, हळूहळू. प्रत्येकाच्या बकलाला बोट लावून बघतात. आज त्यांच्या जागी आलेला सागर मला घालून उभा होता. तोही खारव्याचाच मुलगा, खांदे रुंद, हसणं मोकळं.

"दादा, हे सगळं मनस्वीमॅडमसारख्यांना," तो म्हणाला. "आपण खारवी ना?"

भागोजींनी त्याचा पट्टा एक बोटभर आणखी ओढला.

"पाण्यात पडलो तेवा मी पण खारवीच होतो, बाबा."

फोटो निघाला, ग्रुपवर अंगठे उमटले. आता बंदराची भिंत मागे पडते आहे आणि भागोजी जेटीवर एवढेसे दिसत आहेत. ऊन चढलं आहे. माझ्या आत सागरच्या छातीवरून घाम ओघळतो आहे, आणि त्याचा अंगठा बकलावर येऊन थांबला आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरातून कुणी वर्दी घालून बाहेर पडत असेल. बाबा, आत्या, मामा. ते सगळ्यांना सांभाळायला जातात, पण त्यांचा पट्टा तिथे दुसरं कुणी लावणार नाही. तो त्यांचा त्यांनाच लावायचा असतो. तेव्हा उंबऱ्यातच त्यांना विचारा, नुसता फोटोपुरता लावणार आहात का? मला बोलता येत नाही. आणि सागरचा अंगठा अजून बकलावरच आहे.