हलणारा उजेड

माझे मिस्टर सतीश कुरकुंभला एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहेत आणि आमच्या दौंडच्या हौशी नाटक मंडळीत फॉलो मारतात. फॉलो म्हणजे स्टेजवर चालणाऱ्या माणसाच्या मागेमागे फिरणारा गोल उजेड. हॉलच्या पार शेवटी स्टँड लावायचा, दिवा दोन्ही हातांनी धरायचा आणि नटाला सोडायचं नाही. दिसायला सोपं, म्हणून प्रत्येकाला वाटतं आपल्यालाही जमेल. एकदा मंडळीतल्या इंद्रजीतने हौसेने धरला, तर उजेड माझ्या कमरेवर आणि तोंड अंधारात! तेव्हापासून त्या दिव्याला सतीशशिवाय कुणी हात लावत नाही. उजेडाची कड सुरीने कापल्यासारखी पाहिजे, पसरट उजेड लग्नाच्या मांडवात, असं त्यांचं मत. या विषयावर ते आमच्या लग्नाच्या वाढदिवशीसुद्धा बोललेले आहेत.

म्हणूनच शिक्रापूरला दिवा निवडायला गेलो तेव्हा मी चक्रावले. सोबत बबनराव सर होते, आमचं नाटक लिहिणारे आणि बसवणारे. दुकानदाराने शटर ओढून दोन दिवे भिंतीवर मारून दाखवले. एक नवा एलईडी, लांबून मारला तरी कड स्वच्छ. दुसरा जुना, भिंग धुरकटलेलं, उजेड पिवळट आणि कडेला विरघळलेला. सरांनी नव्यावर बोट ठेवलं, तोच सतीश म्हणाले, "सर, जुनाच घेऊ. चेहरा मऊ दिसतो."

जन्मभर ठेचा खाणाऱ्याने अचानक दूधभात मागावा, तसं झालं. पण उजेडातलं सतीशना कळतं म्हणून सरांनी मान डोलावली.

तालमी आमच्या विहाराच्या हॉलमध्ये, संध्याकाळची वंदना झाली की सुरू. नाटकात मी ग्रामपंचायतीला उभी राहिलेली एकटी बाई. मतदानाच्या आदल्या दिवशी ती आळीत दारोदार फिरते आणि एकही दार उघडत नाही. बाकी सगळा अंधार, फक्त मी आणि फॉलो. चालता चालता माझी नजर पायाशी गेली. उजेडाची कड थरथरत होती. मऊ कडेचा दिवा घेऊनसुद्धा.

मग जुना दिवा का घेतला ते समजलं, विरघळलेल्या कडेत थरथर लपते. घरी त्यांच्या हातातली कपबशी वाजत नव्हती, डबा भरताना काही सांडत नव्हतं. पण हातातला केसाएवढा थरकाप हॉलच्या दुसऱ्या टोकाला वीतभर होतो. त्या रात्री मी सरळच विचारलं.

"अहो, हात कापतोय तुमचा. कवापास्न?"

"दिवाळीपास्न." त्यांनी उजवा हात मांडीखाली घातला. "कंपनीत कळलं तर मेडिकलमंदी अनफिट करत्याल. मोनालीचं नर्सिंगचं अजून वर्ष हाय, पोरीची फी कोण भरंल? तू तेवढी जाग्यावर उभी राहून बोल. मी स्टँडचा बोल्ट आवळून ठेवतो, दिवा हलायचा न्हाई."

झाकली मूठ सव्वा लाखाची. मी सरांना सांगितलं, चालताना दम लागतो, उभी राहूनच बोलते. सरांनी तोंड वाकडं केलं, पण ऐकलं. बोल्ट आवळला गेला. सतीश नुसते हात टेकवून उभे राहायला लागले आणि मी खुंट्याला बांधल्यासारखी एकाच दारापुढे सगळी वाक्यं म्हणायला लागले. डॉक्टरकडे चला म्हटलं की उत्तर एकच, प्रयोगानंतर.

आमच्यात नवनाथ नावाचा एकजण आहे. नाटकात तो शेवटच्या घरातला माणूस, कंपनीत सतीशच्या शिफ्टला. एका तालमीला तो हाताला बँडेज बांधून आला.

"काय झालं रे?"

"अ‍ॅसिड भरताना नळी निसटली, वहिनी. सतीशदादांनी लगीच पाण्याखाली धरलं म्हून वाचलो."

मी सतीशकडे पाहिलं. ते प्लग तपासत होते. प्लगला काहीही झालेलं नव्हतं.

घरी आल्याआल्या मी विचारलं, "नळी कुणी धरली व्हती?"

"मी."

"मंग उद्याच्या उद्या साहेबांना सांगा."

"प्रयोग व्हऊ दे."

"आन् त्याच्यानंतर?"

"मोनालीचं वर्ष संपू दे."

"नवनाथची बायको बाळंतपणाला गेलीय, कळतंय का तुम्हाला? पुढच्या टायमाला डोळ्यात उडालं तर?"

ते रडायला लागले. मला दया आली आणि त्याहून जास्त संताप आला. मनात आलं, आपणच शिफ्ट इन्चार्ज कुंजीरसाहेबांना गाठावं. पण नवऱ्याची चहाडी करायला पाय उचलेना.

प्रयोग शिरूरला होता. आपल्या शिफ्टमधली दोन माणसं नाटकात आहेत म्हणून कुंजीरसाहेब कौतुकाने बायकोला घेऊन आले आणि पहिल्या रांगेत बसले. विंगेत नवनाथ मिशी चिकटवत होता. "उद्या फर्स्ट शिफ्टला परत दादा आन् मीच," तो खुशीत म्हणाला. "अ‍ॅसिडचंच काम हाय."

माझा प्रवेश आला. अंधार झाला, उजेड माझ्यावर पडला. मी ठरल्या दारापुढे उभी राहिले, पहिलं वाक्य बोलले. दुसरं तोंडात आलं, आणि मी चालायला लागले.

उजेड मागे रिकाम्या जागेवरच राहिला. मी अंधारात. लोकांत कुजबुज झाली. सतीशना बोल्ट सैल करायला वेळ लागला असणार. मग उजेडाने एकदम झटका खाल्ला आणि मला शोधत आला. मागच्या रंगवलेल्या दारांवर तो नुसता लटलटत होता. कुणीतरी मागून हसलं. मी पुढच्या दारापाशी गेले, त्याच्याही पुढच्या. उजेड कापत कापत माझ्यामागे.

शेवटचं दार नवनाथचं. आतून त्याने "घरी कुणी न्हाई" म्हणायचं होतं. त्याने दार किलकिलं केलं आणि दबक्या आवाजात म्हणाला, "वहिनी, थांबा जाग्यावर. म्होरं साहेब बसल्यात. आम्ही शिफ्टमधी सांभाळून घेतो दादांना."

म्हणजे याला माहीत होतं. अख्ख्या शिफ्टला माहीत होतं. स्वतःचा हात भाजला तरी हा येडा गप्प होता आणि उद्या पुन्हा त्याच नळीपुढे उभा राहणार होता. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं आणि त्याच्या कानाखाली वाजवावीशीही वाटली.

मी थांबले नाही. दार सोडून स्टेजच्या अगदी कडेला आले, साहेबांच्या समोर, आणि उरलेली वाक्यं तिथे बोलले. दिव्याचं बटण सतीशच्या अंगठ्याखाली होतं. दाबलं असतं तर अंधार झाला असता, बिघाड म्हणून निभावलंही असतं. त्यांनी ते दाबलं नाही. शेवटच्या शब्दापर्यंत तो हलणारा उजेड त्यांनी माझ्या तोंडावर धरून ठेवला.

कुंजीरसाहेब आधी माझ्याकडे बघत होते, मग माझ्या पायाशी थरथरणाऱ्या उजेडाच्या कडेकडे. मग त्यांनी खुर्चीतल्या खुर्चीत मान वळवली आणि मागे दिव्याकडे पाहिलं.