टाकीवरचा साबण

बाळारामचं पत्र मला गणपतीत आलं होतं. साल अठ्ठ्याऐंशी. "भाऊ, गाडीला पेट्रोलचा वास मारतो. नळी बदलू का टाकी दाखवू? तुम्ही वाचणारा माणूस, काय ते कळवा." एवढंच. दसरा उजाडला तरी मी उत्तर दिलं नव्हतं.

उत्तर ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं, म्हणूनच लिहवत नव्हतं.

ती मोटरसायकल आधी माझी होती. भिवंडीच्या वाचनालयातून निवृत्त झालो, गुडघे किक मारू देईनात, तेव्हा खारबावच्या बाळारामला विकली. तो भिवंडीत कापडाच्या लूमवर कामाला, शिफ्टला ये-जा करायला त्याला गाडी हवीच होती. गाडी अठरा वर्षांची. टाकीच्या खालच्या जोडाला गंज लागून पेट्रोल पाझरायचं. रस्त्यात असं झालं की सगळे करतात तेच मी केलं. धुण्याच्या साबणाची वडी त्यावर घासली. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, भोक बुजतं. हा इलाज मेकॅनिककडे पोचेपर्यंतचा. मी मात्र वरून काळा रंग फासला आणि विकताना गप्प राहिलो. आता सांगतो, मग सांगतो, असं मनात चाललेलं असतानाच बाळाराम गाडी घेऊन गेलासुद्धा.

दसऱ्याच्या सकाळी शेजारचा यादव पूजेसाठी स्कूटर धूत होता. साबणाचा फेस गटारात वाहत होता. मी दारातून नुसता बघत होतो. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, पण पाण्यात? खारबावलाही आज गाडी घासूनपुसून धुतली जाणार. मग हार, हळदकुंकू, आणि टाकीपुढे पेटतं निरांजन!

चपला घातल्या की नाही तेही आठवत नाही. नाक्यावर सुताच्या गोण्या भरलेला टेम्पो निघत होता. आयुष्यात कुणाचं वाहन हात करून थांबवलं नव्हतं. त्या दिवशी चक्क आडवा उभा राहिलो.

"चाचा, मरना है क्या?" ड्रायव्हर ओरडला.

"खारबाव! जल्दी! आग लगनेवाली है!"

"कहाँ लगी है?"

"अभी लगी नहीं!"

त्याने दार उघडलं. अंजूरफाट्याच्या पुढे त्याने टेम्पो असा काही सोडला की गोण्या उडत होत्या आणि मीही. भीती वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर मजा वाटत होती, आणि त्याची लाजही.

बाळारामच्या अंगणात शिरलो तेव्हा गाडी ओटीवर चकाकत होती. हँडलला झेंडूचा हार. बाळारामची बायको गुणाबाई ताट घेऊन उंबऱ्यातून बाहेर येत होती, निरांजनाची वात पेटलेली.

"थांबा!" मी ओरडलो. आवाज माझाच होता का, अशी मला शंका आली. "विझवा ते! आत न्या आधी!"

गुणाबाई जागीच थबकली. "अगं बया! भाऊंना काय झालं?" तिने फुंकर मारली आणि ताट आत नेलं.

"भाऊ, ताट बघूनच घाबरलात?" बाळाराम हसत म्हणाला. "तुम्हाला न्हाय ओवाळत ती, गाडीला ओवाळतेय."

"पेट्रोल गळतंय, बाळाराम."

त्याने वाकून पाहिलं. नळी त्याने लूमच्या सुताने घट्ट बांधली होती, आणि ते सूत ओलं झालं होतं. "हे व्हय! अजून दोन येढे मारतो. झालं."

तिथेच गप्प बसता आलं असतं. गाव मला शहाणा म्हणाला असता, बाळारामने जेवू घालूनही पाठवलं असतं. पण उद्या शिफ्टला जाताना टाकी पुन्हा त्याच्या मांड्यांमध्ये पाझरली असती. मी गाडी पुसायचं ओलं फडकं उचललं आणि टाकीखालचा काळा रंग खसाखसा घासला. पोपडा निघाला. त्याखालून पांढरा बुळबुळीत थर आला, आणि मागोमाग पेट्रोलचे थेंब, एकामागून एक.

बाळारामने थेंबाखाली बोट धरलं. "तुम्हाला कसं म्हाईत इथं हाय ते?"

"साबण मीच लावला होता. विकायच्या आधी."

मग गुणाबाई आतून म्हणाली, "एवढे म्हयने मी ह्या ओटीवर चूल पेटवतेय, भाऊ."

मी फडकं त्या भोकावर दाबून धरलं.

बाळारामने पेट्रोलचा कॉक बंद केला, गाडी अंगणात लांब नेली आणि टाकी उतरवून कॅनमध्ये पेट्रोल ओतलं. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "माझ्या पत्राचं काय?"

"आता आलोच आहे की."

"न्हाय. लिहून धाडा. वळ गावाला माझा साडू अनंता ऱ्हातो, त्याचीपण असलीच जुनी गाडी हाय. तोपण साबणच लावतो. तोंडचं कुणी ऐकत न्हाय इथं. पोष्टानं आलं की चारचौघात वाचतात." मग म्हणाला, "साबणाचंपण लिवा."

घरी येऊन पोस्टकार्ड घेतलं. पाकिटातून धाडलं असतं तर वाटेत कुणी वाचलं नसतं, मी सुटलो असतो, पण चारचौघांत वाचायचंच होतं. बारीक अक्षरात लिहिलं: टाकीला साबण मी लावला आणि तुझ्यापासून लपवला, ही माझी चूक. टाकी रिकामी करून, धुऊन, पाणी भरूनच जाणत्या वेल्डरकडे द्यावी, घरी आग लावू नये. नळी वाकवून बघावी, चिरा दिसल्या तर बदलावी. दोन्ही टोकांना क्लिप लावावी, सूत नको. गाडी उभी केली की कॉक बंद. चुलीजवळ, दिव्याजवळ गाडी नको. ओवाळायचं तर नुसत्या फुलांनी.

चुकीचं ते पहिलं वाक्य बाकीच्यांपेक्षा मोठ्या अक्षरात आलं होतं का? तीनदा वाचलं. खोडलं नाही. पोस्टात जाऊन कार्ड पेटीत टाकलं.